ज्युनो-१०६ आणि डीएक्स७ वरून सॅम्पलर वाद्य: रेकॉर्डिंगमध्ये काय गोठवायचं, सॅम्पलरवर काय सोडायचं?

मंद्रसप्तक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रोलँड ज्युनो-१०६ चा एक पॅड आणि यामाहा डीएक्स७ चा इलेक्ट्रिक पियानो, या दोन पॅचची (सिंथवर जुळवून ठेवलेल्या आवाजांची) सॅम्पलर वाद्यं, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर पट्ट्यांवर वाजवणारी वाद्यं, तयार करायची आहेत. फॉरमॅट एसएफझेड (कोणती फाइल कोणत्या पट्टीवर कशी वाजेल हे सांगणारा), रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

पहिली फेरी अशी झाली: दोन्ही सिंथ दर सहा सेमीटोनला (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) एक सूर या हिशेबाने घेतले. ज्युनो स्टिरिओ, कोरस १ (आवाज किंचित हलवून रुंद करणारा इफेक्ट) चालू ठेवून. डीएक्स७ चार व्हेलॉसिटींवर (पट्टी दाबण्याच्या जोराच्या चार पातळ्यांवर). अडचणी चार आहेत.

ज्युनोचा एकेक सूर ऐकला तर हुबेहूब, पण चार सुरांचा कॉर्ड धरला की आवाज गढूळ होतो. जितके सूर जास्त तितकी मागची घूं आणि खरखर जास्त. पियानो हलक्या हाताने वाजवला तर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि जोर वाढवत नेला की मध्येच एका ठिकाणी रंग एकदम बदलतो. शिवाय लूप (सूर लांबवण्यासाठी पुन्हापुन्हा वाजवलेला तुकडा) फिरताना काही सुरांवर टक् होतं, आणि जिथे टक् होत नाही तिथे सूर किंचित बेसूर लागतो.

सगळं पुन्हा रेकॉर्ड करायची तयारी आहे. फक्त या वेळी आधी नियोजन नीट करायचं आहे.

---

खुंटी

गढूळपणाचं मूळ कोरसमध्ये आहे. ज्युनोमध्ये सहाही व्हॉइस (एकेक सूर वाजवणारे स्वतंत्र विभाग) आधी एकत्र मिसळतात आणि ती बेरीज एकाच कोरसमधून जाते. त्यामुळे कॉर्डमधले सगळे सूर एकाच लयीत, एकाच दिशेने हलतात. तुम्ही कोरस चालू ठेवून एकेक सूर घेतलात, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये कोरसच्या एलएफओची (आवाज हलवणाऱ्या मंद लहरीची) वेगळी अवस्था गोठली. चार सुरांचा कॉर्ड वाजवला की चार वेगवेगळे कोरस एकमेकांत मिसळतात. त्यात भर म्हणजे, सॅम्पलर सूर वर खेचतो तेव्हा फाइलमधल्या कोरसचा वेगही वाढतो. सहा सेमीटोनच्या अंतराने घेतलेले सूर तीन सेमीटोनपर्यंत खेचले जातात आणि तिथे वेग सुमारे १९ टक्क्यांनी चढलेला असतो.

म्हणून एक कसोटी लावा. मूळ सिंथमध्ये जी गोष्ट प्रत्येक व्हॉइसला स्वतंत्रपणे घडते, ती रेकॉर्ड करा. जी गोष्ट सगळ्या व्हॉइसना मिळून एकदाच घडते, ती रेकॉर्डिंगबाहेर ठेवा आणि सॅम्पलरच्या पुढे पुन्हा जोडा. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा), फिल्टर (रंग घडवणारा) आणि एन्व्हलप (चढ-उतार ठरवणारा) पहिल्या गटात येतात. कोरस दुसऱ्या गटात. ज्युनोचा एलएफओसुद्धा सगळ्या व्हॉइसना सामाईक आहे, तोही दुसऱ्याच गटात. व्हायब्रेटो असेल तर एलएफओची स्लायडर शून्यावर आणा आणि सॅम्पलरमध्ये एकच सामाईक एलएफओ लावा.

अडचण पल्सविड्थची (पल्स लहरीच्या रुंदीची). ती एलएफओने हलत असेल तर सॅम्पलरमध्ये मागाहून निर्माण करता येत नाही, रेकॉर्डच करावी लागते. अशा वेळी लूपची लांबी एलएफओच्या पूर्ण फेऱ्यांइतकी घ्या, उदाहरणार्थ ०.५ हर्ट्झला २ किंवा ४ सेकंद. कॉर्डमधले सूर मग एकत्र हलणार नाहीत, ही तडजोड मान्य करावी लागते. मंद गतीत ती खपून जाते, जलद गतीत नाही.

ज्युनोसाठी माझं नियोजन:

कोरस बंद. कोरस बंद असताना दोन्ही आउटपुटवर एकच आवाज असतो, म्हणून मोनो पुरे. निम्मी जागा वाचते.

दर तीन सेमीटोनला एक सूर. मिडी (वाद्यांना सूर कळवणारी भाषा) क्रमांक ३६ ते ९६ या ६१ पट्ट्यांसाठी २१ सूर होतात आणि प्रत्येक सूर वर-खाली फक्त एकच सेमीटोन खेचला जातो. वेळेतला फरक जेमतेम ६ टक्के राहतो, त्यामुळे फिल्टर एन्व्हलपचा उतार शेजारच्या पट्टीवर वेगळा वाटत नाही. पॅडला चार सेमीटोनही चालतील, पण छोट्या ठोक्याच्या बेसला तीनच्या वर जाऊ नका.

व्हेलॉसिटीचा थर एकच. ज्युनो-१०६ ला व्हेलॉसिटी कळतच नाही. तिथे चार थर घेतले तर एकच आवाज चारदा साठवला जाईल. ती मेहनत राउंड रॉबिनवर (एकाच सुराच्या अनेक फाइली आळीपाळीने वाजवण्यावर) खर्च करा. ज्युनोत सहा व्हॉइस आहेत आणि प्रत्येकीचा फिल्टर किंचित वेगळा जुळवलेला असतो. तोच सूर सहा वेळा घेतला, आणि व्हॉइस आळीपाळीने मिळत असतील, तर सहाही व्हॉइस फाइलमध्ये येतात. सॅम्पलरने त्या क्रमाने फिरवल्या की एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबताना येणारा छापील एकसारखेपणा जातो.

हिशेब: २१ सूर × ६ वेळा × ११ सेकंद (८ धरून, ३ सोडून) = १,३८६ सेकंद, म्हणजे २३ मिनिटं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनोला सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणून एकूण सुमारे २०० एमबी.

हे सगळं सुरू करण्याआधी एकच पट्टी सहा वेळा वाजवून सहाही आवाज नीट ऐका. एखादी व्हॉइस मंद, फाटकी किंवा गप्प असेल तर आत्ताच कळेल. या सिंथच्या व्हॉइस चिप वयोमानाने बिघडतात, हे सर्वांना माहीत आहेच. तसं न तपासता रेकॉर्ड केलं तर २१ पैकी मधलेच काही सूर विनाकारण बोदे लागतात आणि दोष मॅपिंगमध्ये शोधला जातो.

---

तरंग_५०

खुंटी यांच्या कसोटीला पूर्ण अनुमोदन. घूं आणि खरखर यांनाही तीच लागू पडते. मूळ सिंथच्या आउटपुटची खरखर एकदाच असते, सॅम्पलरमध्ये ती प्रत्येक फाइलबरोबर येते. आठ सूर एकत्र वाजले की खरखर सुमारे ९ डेसिबलने वाढते. घूं आणखी त्रासदायक, कारण ती सुराबरोबर खेचली जाते. ५० हर्ट्झची घूं एक सेमीटोन वर ५३ होते आणि एक खाली ४७. शेजारच्या दोन पट्ट्या दाबल्या की दोन घूं एकमेकींवर आपटून डुलायला लागतात. त्यामुळे एकट्या सुरात जी घूं तुम्ही सोडून द्याल, ती कॉर्डमध्ये सोडवत नाही.

आधी उगम शोधा. सिंथ आणि कॉम्प्युटर यांच्यात ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणारं विद्युत वेटोळं) हे नेहमीचं कारण. पाच पिनांच्या मिडी केबलमध्ये घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर (विजेची थेट जोडणी न करता प्रकाशाने संदेश पोचवणारा भाग) असतो, म्हणून तिच्यातून लूप होत नाही. यूएसबी मिडीतून होतो. तुमचे दोन्ही सिंथ पाच पिनांचेच आहेत, तेव्हा लूप बहुधा ऑडिओ केबलमधून होतोय. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स किंवा लाइन आयसोलेटर मध्ये घालून पाहा. सिंथ आणि इंटरफेस एकाच पॉवर पट्टीवर ठेवा. अर्थिंगची पिन काढून लूप तोडणं धोक्याचं आहे, जुन्या मशीनवर तर अजिबात करू नये.

मग पातळी. सिंथचा व्हॉल्यूम भरपूर वर, इंटरफेसचा गेन खाली, इनपुट लाइनवर. माइकच्या इनपुटला लावून गेन वाढवू नका. पॅचचा सगळ्यात मोठा आवाज शोधा. रेझोनन्स जास्त असेल तर तो एखाद्याच पट्टीवर उसळतो, म्हणून खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवून पाहा. शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास येईल असा गेन ठेवा आणि पुढे सत्र संपेपर्यंत एकाही बटणाला हात लावू नका. मधे गेन बदलला तर थरांमधलं मूळ नातं कायमचं हरवतं.

सुरुवातीला दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. नंतर खरखर काढायची झाली तर नमुना म्हणून हीच लागते. मात्र खरखर काढण्याचं सॉफ्टवेअर जपून वापरा. ६ डेसिबल कमी केली तर चालते. २० कमी केली की विझत जाणाऱ्या शेपटात पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे ऐकू येतात, आणि दहा शेपटं एकत्र वाजली की ते लपत नाहीत.

दोन सुरांमधलं अंतर पॅचच्या रिलीजपेक्षा (पट्टी सोडल्यावर आवाज विझायला लागणाऱ्या वेळेपेक्षा) जास्त ठेवा. पॉली सिंथमध्ये आधीचा सूर दुसऱ्या व्हॉइसवर विझत असतो आणि पुढच्या फाइलच्या सुरुवातीला शिरतो. तुमच्या पॅडचा रिलीज ३ सेकंद असेल तर ४ सेकंद थांबा.

---

ऑपरेटर_सहा

डीएक्स७ बद्दल लिहितो, कारण त्याचे नियम ज्युनोच्या अगदी उलट आहेत.

इथे राउंड रॉबिनची गरज नाही. आवाज पूर्ण डिजिटल आहे. पॅचमधला ऑसिलेटर की सिंक चालू केला की प्रत्येक ठोका त्याच फेजपासून (लहरीच्या त्याच बिंदूपासून) सुरू होतो. तो चालू करा, एलएफओचे पिच आणि ॲम्प्लिट्यूड डेप्थ शून्य करा, आणि प्रत्येक सूर प्रत्येक व्हेलॉसिटीला एकदाच घ्या. वाचलेला वेळ व्हेलॉसिटीच्या थरांना द्या.

थर सहा तरी हवेत. एफएममध्ये (डीएक्स७ च्या पद्धतीत, जिथे एक लहर दुसरीला हलवते) व्हेलॉसिटी वाढली की मॉड्युलेटरची (हलवणाऱ्या लहरीची) पातळी वाढते आणि नवे हार्मोनिक उगवतात, नुसता आवाज मोठा होत नाही. हा बदल सगळीकडे सारखा नसतो. आधी मधल्या एका पट्टीवर १० पासून १२७ पर्यंत दर ६ ने वाढवत वाजवा आणि रंग कुठे झपाट्याने बदलतो ते टिपा. इलेक्ट्रिक पियानोत तो बहुधा वरच्या अर्ध्यात बदलतो, म्हणून थर तिथे दाट आणि खाली विरळ: समजा २०, ५०, ७५, ९५, ११०, १२४. समान अंतराने चार थर ठेवले की नेमक्या त्या वळणावर फट पडते. तुम्हाला ऐकू येणारी उडी तीच.

उरलेली उडी क्रॉसफेडने (एक आवाज उतरवत दुसरा चढवून) बुजवता येते, आणि इथे की सिंक दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. एकाच सुराचे दोन थर फेजमध्ये जुळलेले नसतील तर मिसळताना मूळ सूरच कापला जातो आणि आवाज पोकळ होतो. की सिंकमुळे फेज सारखी सुरू होते. फक्त फाइलींची सुरुवात सॅम्पलच्या (रेकॉर्डिंगमधल्या एकेका मोजमापाच्या) अचूकतेने एकाच जागी कापायला हवी.

हलक्या हाताने वाजवलं की आवाज गायब होतो, त्याचं कारण वेगळं. एसएफझेडमध्ये व्हेलॉसिटीनुसार आवाज कमी करण्याची सोय मुळातच १०० टक्क्यांवर असते आणि तिचा उतार व्हेलॉसिटीच्या वर्गाने चालतो. व्हेलॉसिटी ६४ ला सुमारे १२ डेसिबल, २० ला तब्बल ३२ डेसिबल घट. तुमच्या फाइली मूळ पातळीवर आहेत, म्हणजे हळू थर आधीच हळू आहे. त्यावर ही घट पुन्हा बसते. एकच घट दोनदा मोजली जाते.

उपाय: प्रत्येक थराचा एक मधला सूर मोजा. समजा २० चा थर १२४ च्या थरापेक्षा १४ डेसिबलने हळू आहे. तर त्या थरातल्या सगळ्या सुरांना सारखेच १४ डेसिबल वाढवा. एकेका फाइलला वेगळं नॉर्मलाइज करू नका, त्याने मंद्र आणि तार सप्तकातला तोल जातो. मग व्हेलॉसिटीचा कर्व्ह हाताने लिहा: २० ला ०.२, १२४ ला १, मधले थरही असेच मोजून. १४ डेसिबल म्हणजे पाचपट घट, म्हणून ०.२. आता थराच्या आतही आवाज सलग वाढतो आणि सीमेवर पायरी पडत नाही.

किती वेळ धरायचं? पियानो विझतोच, लूपची गरज नाही. खालच्या सुरांना २५ सेकंद, मधल्यांना १५, वरच्यांना ८ पुरतात. डीएक्स७ चं आउटपुट मोनो आहे, तसंच घ्या. सुरांचं अंतर तीन सेमीटोनच. पॅचमध्ये की लेव्हल स्केलिंग (पट्टीनुसार बदलणारी पातळी) असेल तर एखाद्या पट्टीनंतर रंग पटकन वळतो, तिथे दोन सेमीटोन करा.

---

मंद्रसप्तक

धन्यवाद, चारातल्या तीन गाठी सुटल्या. लूपचं कोणी सांगेल का? आणि फाइली कापताना सुरुवात कुठे धरायची? सध्या ठराविक पातळी ओलांडली की काप, असं आपोआप करतोय. पॅडची सुरुवात त्यात खाल्ली जाते.

---

लूपकर

आधी बेसूर लूपचं गणित. ४८ किलोहर्ट्झला मध्य सप्तकातल्या सी चं, म्हणजे मिडी ६० चं, एक आवर्तन १८३.४७ सॅम्पलचं असतं. लूप एका आवर्तनाचा घेतला आणि १८३ वर बसवला तर सूर सुमारे ४.४ सेंटने (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढतो. वरच्या सप्तकांत आवर्तन लहान, म्हणून चूक आणखी मोठी. मिडी ९६ ला आवर्तन २३ सॅम्पलपेक्षाही छोटं आहे, तिथे अर्ध्या सॅम्पलची चूक ३७ सेंटची पडते. शंभर आवर्तनांचा लूप घ्या: १८,३४७ सॅम्पल, चूक नगण्य.

ज्युनोत सब-ऑसिलेटर (मूळ सुराच्या एक सप्तक खाली वाजणारा) चालू असेल तर मोजायचं आवर्तन त्याचं, ते दुप्पट लांब असतं. मूळ सुराची विषम संख्येची आवर्तनं घेतलीत तर लूपच्या सांध्यावर सब उलटा पडतो आणि टक् होतं. झीरो क्रॉसिंग (लहर शून्य ओलांडते तिथे सांधा) बरोबर असूनही टक् येतं ते बहुतेक याच कारणाने. मिडी ६० ला सबची शंभर आवर्तनं म्हणजे ३६,६९४ सॅम्पल, पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. फिल्टर स्थिर झाल्यानंतरचा भाग असेल तर एवढा लूप चांगला टिकतो.

पॅचमध्ये नॉइज असेल तर टिकत नाही. पाऊण सेकंदाचा नॉइज फिरत राहिला की त्याला लय येते आणि कान ती लगेच पकडतो. नॉइजची स्लायडर शून्य करून सूर घ्या, नॉइज वेगळा थर म्हणून घ्या आणि त्याला ४ सेकंदांचा स्वतंत्र लूप द्या.

क्रॉसफेडचा वक्र कोणता, यात बरेच जण चुकतात. सांध्याच्या दोन्ही बाजू फेजमध्ये जुळलेल्या असतील, जसा वरचा मोजून घेतलेला लूप, तर सरळ रेषेचा. तिथे इक्वल पॉवर (एकूण शक्ती सारखी राखणारा वक्र) लावलं तर मध्यावर ३ डेसिबलचा फुगवटा येतो. नॉइजसारख्या न जुळणाऱ्या आवाजाला इक्वल पॉवर, तिथे सरळ रेषेने ३ डेसिबलचा खड्डा पडतो. लूप फिरताना आवाज श्वास घेतल्यासारखा वाटला तर वक्र चुकलाय.

दोन ऑसिलेटरचे सिंथ पुढे घेणार असाल तर तिथे लूप बीटच्या (दोन जवळच्या सुरांमुळे येणाऱ्या डुलण्याच्या) लांबीने ठरतो. ६ सेंटचं डीट्यून ४४० हर्ट्झला सेकंदाला दीड वेळा डुलतं, ११० हर्ट्झला एका डुलण्याला २.६ सेकंद लागतात. खालचे सूर ८ सेकंद धरून भागत नाही, १५ तरी धरा.

आता कापणं. पातळी पाहून कापू नका. पॅचची सुरुवात शून्य अटॅकची करून एक चाचणी घ्या आणि नोट-ऑनपासून (पट्टी दाबल्याच्या मिडी संदेशापासून) आवाजापर्यंतचा उशीर मोजा. पाच पिनांच्या मिडीवर नोट-ऑनचे तीन बाइट पोचायलाच जवळपास १ मिलिसेकंद लागतो, त्यात सिंथचा प्रतिसाद आणि इंटरफेसचा उशीर मिळवा. दहा-वीस ठोके मोजा, सगळ्यात लवकर आलेला आवाज धरा, त्याच्या १ मिलिसेकंद आधी सगळ्या फाइली कापा. मंद अटॅकचा पॅड असा पूर्ण राहतो. ज्युनोच्या पॅडला एवढं पुरे. डीएक्स७ चे क्रॉसफेड करायचे थर मात्र यानंतर हाताने फेजला जुळवा, कारण प्रत्येक ठोक्याचा उशीर थोडा कमी-जास्त असतो.

फाइलींच्या नावात सुराचं नाव घालू नका, मिडी क्रमांक घाला. यामाहा ६० ला सी३ म्हणते, रोलँड सी४. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे एक वाद्य एका सप्तकाने घसरणार हे नक्की. क्रमांक तीन आकडी ठेवा, ०३६ असा, म्हणजे यादी क्रमाने लागते.

---

खुंटी

लूपकरांच्या मुद्द्यात एक भर, रिलीजबद्दल. पट्टी लवकर सोडली तर सॅम्पलर फक्त आवाज खाली नेतो. मूळ सिंथमध्ये त्याच वेळी फिल्टरही बंद होत जातो. म्हणून सॅम्पलरच्या रिलीजबरोबर एक सौम्य लो-पास फिल्टरही उतरता ठेवा. रिलीजची लांबी अंदाजाने न ठरवता नोट-ऑफपासून आवाज ६० डेसिबल खाली जाईपर्यंतचा वेळ मोजून घ्या.

आणि पडताळणीसाठी एकच मिडी फाइल सिंथला आणि सॅम्पलरला द्या: दोन सप्तकांत पसरलेले चार कॉर्ड, एकाच पट्टीचे बारा ठोके, आणि अर्ध्यात सोडलेले काही सूर. आधी कोरस बंद ठेवून दोन्ही ऐका. ते जुळल्याशिवाय कोरसच्या प्लगइनला हात लावू नका, नाहीतर मॅपिंगची चूक कोरसखाली झाकली जाते.